भेंडे, देशपांडे, भाटिया आणि सायटेशनचं गणित

मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत मी काम करते आणि प्रमोशनचे इंटरव्ह्यू जवळ आले की आमच्याकडे डॉक्टर मंडळींची गर्दी होते. मॅडम, माझा एच-इंडेक्स काढून द्या, मॅडम, स्कोपसमध्ये माझे दोन पेपर दुसऱ्याच्याच नावावर दिसतायत, मॅडम, गूगल स्कॉलरवर सायटेशन जास्त दिसतात तर तेच प्रिंट करून द्या ना. मी देते करून. सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने त्याच्या पेपरमध्ये तुमच्या पेपरचा दिलेला संदर्भ, स्कोपस आणि गूगल स्कॉलर ते मोजून दाखवतात, आणि एच-इंडेक्स हा त्यावरूनच काढलेला आकडा. त्यांचा राग नाही येत, कारण नियमच असे आहेत की किती पेपर, कुठल्या जर्नलमध्ये, नाव कितव्या नंबरवर, हे सगळं दाखवावं लागतं, त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष. पण हिमॅटॉलॉजीवाले किंवा ट्रान्सफ्युजन मेडिसिनवाले, म्हणजे रक्ताचे आजार आणि रक्त देणं बघणारे, आले की मला दर वेळी एकाच पेपरची आठवण होते, आणि आज म्हटलं एकदा लिहूनच टाकूया.

१९५२ सालचा पेपर आहे, लॅन्सेटचा, ३ मेचा अंक, पान ९०३ आणि ९०४. म्हणजे सगळं मिळून दोन पानांत आटोपलेलं. नाव आहे 'ए न्यू ब्लड ग्रुप कॅरेक्टर रिलेटेड टू द एबीओ सिस्टिम', आणि त्यातला न्यू हा शब्द त्यांनी स्वतःच अवतरणात टाकलाय. लेखक सात. पहिले तिघे आपले मुंबईचे, वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया. पुढचे चौघे लंडनचे, रुथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन, विनिफ्रेड वॉटकिन्स. ज्याला आज जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात तो या दोन पानांत पहिल्यांदा जगासमोर आला.

झालं होतं असं की परळला, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममध्ये, रक्त द्यायची वेळ आलेले पेशंट होते, एकाला रेल्वेचा अपघात, दुसऱ्याला भोसकल्याची जखम, आणि त्यांचं रक्त कुणाशीच जुळेना. साध्या टेस्टला त्यांच्या पेशी ओ सारख्या दिसायच्या, ना ए ना बी, पण ओ चं रक्त क्रॉसमॅचला लावलं, म्हणजे देण्याआधी पेशंटच्या सीरमशी जुळवून बघितलं, की तेही गोठळायचं, पेशींच्या गुठळ्या व्हायच्या. ए नाही, बी नाही, एबी नाही आणि ओ सुद्धा नाही. आता विचार करा, १९५२ सालची लॅब, आजच्यासारखी जेल कार्ड नाहीत, मशीन नाही, रीएजंट तयार मिळत नाहीत, रात्री अपरात्री पेशंट रक्तासाठी खोळंबलेला, अशा वेळी सीरम खराब झालं असेल, परत लावा, असं म्हणून सोडून देणं किती सोपं होतं. त्यांनी नाही सोडलं. परत परत तपासलं, असा तिसरा माणूस शोधून काढला, आणि लंडनशी संपर्क ठेवून गोष्ट तडीला नेली. पेपरमध्ये अशा तिघांची माहिती आहे.

यात सायन्स काय आहे ते थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सगळं नुसतं नावांची यादी वाटेल. आपल्या लाल पेशीवर एच नावाचं एक अँटिजेन असतं, साखरेच्या साखळीच्या टोकाला फ्युकोज जोडलेलं. ए चं एन्झाइम त्या एच वर एक साखर चढवतं, बी चं एन्झाइम दुसरी चढवतं, आणि ओ वाल्यांमध्ये काहीच चढत नाही म्हणून त्यांच्याकडे नुसतं एच भरपूर राहतं. बॉम्बेवाल्यांकडे ते एचच नसतं. मग आईवडिलांकडून ए चा किंवा बी चा जीन व्यवस्थित आलेला असला तरी उपयोग काय, भिंतीत खुंटीच नसेल तर पिशवी अडकवणार कुठे. आणि ज्यांच्याकडे एच नाही त्यांच्या सीरममध्ये ए आणि बी विरुद्ध अँटिबॉडी तर असतातच, वर एच विरुद्धही असते, तीही शरीराच्या तापमानाला जोरात काम करणारी. म्हणून ओ चं रक्त दिलं तर त्या पेशी फुटतात, पेशंट जाऊ शकतो. ओ म्हणजे सगळ्यांना चालणारं रक्त असं आपण शाळेपासून ऐकत आलोय, ते या लोकांच्या बाबतीत जिवावर बेतणारं आहे. त्यांना बॉम्बेवाल्याचंच रक्त लागतं, दुसरा उपाय नाही.

हे उलगडायला मॉर्गन आणि वॉटकिन्स यांची बायोकेमिस्ट्री लागली हे खरंच आहे, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये ते रक्तगटाच्या या पदार्थांवरच काम करत होते, रेस आणि सँगर यांचं ब्लड ग्रुप युनिटही तिथेच. पुढे १९५९ मध्ये मॉर्गन-वॉटकिन्स यांनी व्हॉक्स सँग्विनिस या जर्नलमध्ये एच पासून ए आणि बी कसे तयार होत असावेत याचा मार्ग मांडला, आणि त्या मांडणीला मुंबईतल्या या तीन माणसांच्या रक्ताने केवढा आधार दिला असेल बघा. मधल्या काळात, १९५५ मध्ये, अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी ब्लड या जर्नलमध्ये एका कुटुंबात बी चा जीन असून दडपला जातो हे दाखवलं. म्हणजे तीन वर्षांत मुंबईचा धागा पकडून दुसऱ्या खंडात काम पुढे गेलं होतं. मला याच्यात सगळ्यात आवडतं ते हे की सातांपैकी पहिली तीन नावं मुंबईची आहेत. स्वातंत्र्याला जेमतेम पाच वर्षं झालेली, पलीकडे जगातले सगळ्यात मोठे रक्तगटतज्ज्ञ, आणि नावं लागली ती ज्यांनी पेशंट ओळखला त्यांची आधी. नमुने परदेशी पाठवून मागच्या रांगेत नाव लागायचं हे आपल्याकडे आजही कितीदा होतं, म्हणून मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता सायटेशनकडे येते.

एच-इंडेक्स २००५ साली हर्श नावाच्या एका फिजिक्सवाल्याने काढला. तुमच्या दहा पेपरना प्रत्येकी निदान दहा सायटेशन असतील तर तुमचा एच-इंडेक्स दहा, असं साधं आहे. याचा अर्थ असा की एखाद्याने आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि त्याने जगातल्या सगळ्या रक्तपेढ्यांची कामाची पद्धत बदलली तरी त्याचा एच-इंडेक्स एकच. दहा मध्यम पेपरवाला त्याच्या दहापट. कमिटीसमोर कागद ठेवला तर पहिला माणूस काठावर नापास. मला हे पटत नाही, कितीही सोयीचं असलं तरी पटत नाही.

दुसरं म्हणजे, जास्त सायटेशन कशाला मिळतात ते बघा. जगातला सगळ्यात जास्त साइट झालेला पेपर म्हणून ज्याचं नाव घेतात तो लोअरी आणि मंडळींचा १९५१ चा, प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत, तीन लाखांच्या वर सायटेशन. म्हणजे आमच्या लॅन्सेटच्या पेपरच्या एकच वर्ष आधीचा. पद्धत सांगणाऱ्या पेपरला असं होतंच, कारण ती वापरली की रेफरन्स द्यावा लागतो. याने लोअरींचं मोल कमी होत नाही, पण शोधाला मिळणारं सायटेशन आणि पद्धतीला मिळणारं सायटेशन एकाच तराजूत घालून कोण मोठं ते ठरवायचं नाही एवढं तरी कळायला हवं.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शोध जेवढा मूलभूत तेवढं त्याचं सायटेशन लवकर बंद होतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वीच मांडलं होतं, की एखादी कल्पना ज्ञानात इतकी मुरते की मूळ माणसाचं नाव पुसलं जातं. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट शोधले, १९३० मध्ये नोबेल मिळालं, पण आज एबीओ वर लिहिणारा कुठला रेसिडेंट त्यांचा तो जर्मन पेपर रेफरन्समध्ये टाकतो? कुणीच नाही, गरजच वाटत नाही. तसंच बॉम्बे फेनोटाइपचं, म्हणजे बॉम्बे ब्लड ग्रुपचंच, झालं. नाव शहराचं लागलं, शोधणाऱ्यांचं लागलं नाही. इतर कितीतरी आजारांना माणसांची नावं आहेत, हॉजकिन, फँकोनी, ग्लांझमन, नाव घेतलं की आपोआप त्या माणसाची आठवण राहते. बॉम्बे म्हटलं की शहर डोळ्यांसमोर येतं. आणि ते शहर मुंबई होऊन इतकी वर्षं झाली तरी ब्लड ग्रुप अजून बॉम्बेच आहे. भेंडे फेनोटाइप असं नाव पडलं असतं तर आज प्रत्येक पॅथॉलॉजीच्या पोराला भेंडे माहीत असते. आता जुन्या लोकांना ते माहीत आहेत ते पॅथॉलॉजीच्या पुस्तकामुळे, भेंडे आणि देवधरे, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांना हेच ते बॉम्बे ब्लड ग्रुपचे भेंडे हे सांगितल्यावर आश्चर्य वाटतं, हे मी स्वतः पाहिलंय.

यात आमच्या क्षेत्राची म्हणजे शोधयंत्रांचीही भर आहे. पबमेडमध्ये, म्हणजे मेडिकल पेपर शोधायच्या डेटाबेसमध्ये, तुम्ही बॉम्बे फेनोटाइप असं टाकलं तर हा मूळ पेपर सहज समोर येत नाही, कारण त्याच्या शीर्षकात बॉम्बे हा शब्दच नाही, कसा असेल, ते नाव तर नंतर पडलं. आणि त्या काळातल्या नोंदींना अ‍ॅबस्ट्रॅक्ट नसतो, त्यामुळे आतला शब्दही मशीनला दिसत नाही. मग रेसिडेंटला काय सापडतं, तर गेल्या पाच-दहा वर्षांतल्या केस रिपोर्ट. तो त्यातला एक उचलतो, त्या केस रिपोर्टने दुसरा उचललेला असतो, दुसऱ्याने तिसरा. असं करत करत मूळ पेपरची सायटेशन दुसऱ्यांच्या खात्यात जमा होतात. वर नावांचा घोळ वेगळाच. जुन्या पेपरमध्ये फक्त आद्याक्षरं, आणि सी. के. देशपांडे सोडा, नुसते देशपांडे किती असतील आपल्याकडे, डेटाबेसला कसं कळणार कोण कुठला. हल्लीच्या मुलांकडे ऑर्किड नंबर असतो, प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख क्रमांक, त्या पिढीकडे काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांचा पब्लिकेशन रेकॉर्ड मशीनवर सोडला तर नेहमी अर्धवटच निघणार, हाताने बसून जुळवावा लागतो.

भाटियांचा रेकॉर्ड असा हाताने जुळवून बघण्यासारखा आहे. त्या सात नावांतलं तिसरं नाव, पण बॉम्बे ग्रुपला धरून राहिलेला माणूस म्हणजे तेच. १९५७ मध्ये मुंबईत आयसीएमआरचं ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झालं, त्याचीच पुढे केईएमच्या आवारातली इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था झाली, आणि भाटियांचं काम तिथलं. १९६२ मध्ये भाटिया आणि एल. डी. संघवी यांचा पेपर व्हॉक्स सँग्विनिसमध्ये आला, दुर्मिळ रक्तगट आणि नात्यातली लग्नं यावर. बॉम्बे ग्रुप व्हायला दोन्हीकडून बिघडलेला जीन यावा लागतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न हे आपल्याकडे कितीतरी घरांत अगदी हक्काचं मानलं जायचं, तेव्हा हा प्रश्न इथे बसूनच विचारता येण्यासारखा होता, लंडनला बसून तो सुचलाही नसता कदाचित. मग १९७४ मध्ये भाटिया आणि साठे यांचा पेपर, परत व्हॉक्स सँग्विनिस. मुंबईतल्या दीड लाखाहून जास्त लोकांच्या तपासणीतून त्यांनी प्रमाण काढलं, साधारण ७,६०० माणसांत एक.

हा ७,६०० चा आकडा मला फार प्रिय आहे, आणि त्याच्यावरून मी कितीतरी रेसिडेंटना हटकलंय. कारण बहुतेक केस रिपोर्टमध्ये भारतात दहा हजारांत एक असं ठोकून दिलेलं असतं, आणि पुढे रेफरन्स बघावा तर दुसरा केस रिपोर्ट. अरे, ज्यांनी टेस्ट ट्यूबा लावून एवढी माणसं मोजली त्यांचा पेपर आहे ना, तो वाच, त्यात मुंबईचा आकडा आहे, कसा काढला ते आहे, ए आणि बी च्या कमजोर प्रकारांचीही माहिती आहे. युरोपात हेच प्रमाण लाखात एखादा सुद्धा नाही, साधारण दहा लाखांत एक असं धरतात. मग दीड लाख माणसं तपासायचं काम इथल्याच लोकांनी करायला हवं होतं आणि त्यांनी ते केलं. असल्या कामाला हल्ली कुणी ग्रँट मागितली तर नवीन काय आहे यात असं विचारतील, पण आजही रक्तपेढीने दुर्मिळ डोनरची यादी ठेवायची तर किती जणांसाठी ठेवायची हा हिशोब याच आकड्यावर उभा राहतो.

पुढे जीनही सापडला. एफयूटी१ नावाचा, एकोणिसाव्या क्रोमोसोमवर, १९९० मध्ये क्लोन झाला. आणि १९९७ मध्ये जपानच्या कोडा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भारतातल्या बॉम्बे ग्रुपवाल्यांमध्ये एफयूटी१ मध्ये एका जागी बदल आहे आणि शेजारचा एफयूटी२ पूर्ण गळालेला आहे. म्हणून तर आपल्या बॉम्बेवाल्यांच्या लाळेतही एच सापडत नाही. परळच्या लॅबमध्ये पेशी का गोठळतात हा जो प्रश्न पडला होता त्याचं उत्तर डीएनएच्या अक्षरापर्यंत जायला पंचेचाळीस वर्षं लागली. जर्नलचं वजन ज्याने मोजतात त्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये कसं बसवणार हे, तो तर मागच्या दोन वर्षांचे पेपर मोजतो.

मुंबईपुरतंच बोलायचं तर रक्ताच्या आजारात असं आणखी एक नाव आहे, लुसी विल्स. १९२८ मध्ये त्या इंग्लंडहून इथे आल्या, मार्गारेट बाल्फोर यांनी बोलावलं होतं, आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना भयंकर अ‍ॅनिमिया व्हायचा, पेशी मोठमोठ्या दिसायच्या, आणि बायका दगावायच्या. विल्सबाईंनी त्यांचं जेवणखाण तपासलं, प्राण्यांवर प्रयोग केले आणि दाखवलं की यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने, हा अ‍ॅनिमिया बरा होतो. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. त्यातल्या त्या अनोळखी पदार्थाला काही वर्षं विल्स फॅक्टर म्हणत. मग १९४१ मध्ये अमेरिकेत पालकातून फॉलिक अ‍ॅसिड वेगळं काढलं, नाव ठरलं, आणि विल्सबाईंचं नाव गेलं. आज प्रत्येक गरोदर बाईला पहिल्याच भेटीत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लिहून देतात, गावातल्या आशाताईसुद्धा देतात, पण त्या गोळीचा धागा मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांपर्यंत जातो हे किती जणांना माहितीये.

आणि फॉलिक अ‍ॅसिडचं नाव निघालं की येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना वगळून पुढे जाणं मला जमत नाही. आंध्रातल्या भीमवरमचा हा माणूस अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधनाचा प्रमुख होता, त्यांच्या टीमने फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या बनवलं आणि मग त्याला अडवणारं अमिनोप्टेरिनही. सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांना दिलं आणि १९४८ च्या जूनमध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापलं, मुलांमध्ये काही काळापुरता का होईना आजार मागे हटला होता, त्याआधी हे कधी झालं नव्हतं. ब्लड कॅन्सरच्या केमोथेरपीची सुरुवात ज्या पेपरने झाली म्हणतात तो हाच. त्याच्या लेखकांत सुब्बाराव नाहीत. ऑगस्टमध्ये ते वारले, वय जेमतेम त्रेपन्न. सायटेशन मोजणाऱ्या मशीनला विचारलं तर या पेपरचा आणि सुब्बारावांचा काही संबंध नाही असंच उत्तर येईल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रक्ताच्या आजारात संशोधन करणाऱ्या माणसाचा रेकॉर्ड बघायचा तर निदान त्याचे दोन-तीन पेपर तरी उघडून वाचा. काय प्रश्न होता, तो इथल्या पेशंटमधून आला होता का, त्यानंतर लॅबमध्ये किंवा वॉर्डात काय बदललं. भेंड्यांच्या पेपरनंतर काय बदललं ते कुठल्याही रक्तपेढीत जाऊन बघता येतं. पेशींची टेस्ट म्हणजे फॉरवर्ड ग्रुपिंग, आणि त्याबरोबर सीरमची म्हणजे रिव्हर्स ग्रुपिंग, आणि रिव्हर्समध्ये ए सेल, बी सेल यांच्या जोडीला ओ सेल लावायचे. ओ सेल गोठळले की टेक्निशियन सावध होतो, पेशीवर एच आहे का ते दाखवणारं अँटी-एच लेक्टिन लावून बघतो, रेफरन्स लॅबला कळवतो. नुसतं फॉरवर्ड करून ओ लिहून टाकलं तर बॉम्बेवाला माणूस आयुष्यभर स्वतःला ओ समजून फिरत राहतो, ऑपरेशनची वेळ येईपर्यंत. ती ओ सेलची ट्यूब रोज लागते, देशभर लागते, आणि ती लावताना कुणी रेफरन्स देत नाही.

बॉम्बे ग्रुपवर केस रिपोर्ट लिहिणाऱ्या मुलामुलींना मात्र माझी हात जोडून विनंती आहे. लिहा, जरूर लिहा, पण रेफरन्सच्या यादीत पहिला हा १९५२ चा पेपर टाका, आणि टाकण्याआधी वाचा, दोनच पानं आहेत, कुठल्याही मेडिकल लायब्ररीत सांगितलं तर काढून देतील. प्रमाण लिहायचं असेल तर भाटिया-साठे १९७४, नात्यातल्या लग्नांबद्दल लिहायचं असेल तर भाटिया-संघवी १९६२, जीनबद्दल लिहायचं असेल तर कोडा १९९७. जर्नलच्या स्टाइलमध्ये बसत असेल तर सातही नावं पूर्ण लिहा, भेंडे आणि इतर असं करून देशपांडे आणि भाटिया यांना इतरमध्ये ढकलू नका. आणि परळच्या त्या काळातलं कुणी, किंवा त्यांचे विद्यार्थी, हे वाचत असतील आणि त्यांच्याकडे जुनी रिप्रिंट, लेक्चरच्या वह्या, डिपार्टमेंटचे फोटो असं काही घरात पडून असेल तर रद्दीत घालू नका, मला कळवा, मी स्वतः येऊन स्कॅन करून घेईन.